मशीनशेजारचं स्टूल

या मित्रांनो, जरा टेका. उभ्या उभ्या ऐकायची गोष्ट नाही ही. मी एक जुनं स्टूल आहे. सुताराने उरल्यासुरल्या फळकुटांतून मला ठोकलं, त्यात एक पाय आखूडच राहिला. शिंपीदादांनी त्याखाली चिंध्यांची घडी सारली आणि मला मशीनशेजारी मांडलं. तिथे त्यांची लेक बसायची, चिमणी.

शाळेतून आली की ती धडा मोठ्याने वाचायची. दादा पायाने मशीन चालवत ऐकायचे. ती अडखळली की त्यांचा पाय थांबायचा.

"काय गं, धागा तुटला?"

"थांबा ना बाबा, शब्द लांबडा आहे."

"असू दे. लांबडी बाही पण एका टाक्यात होत नाही. घे सावकाश."

शब्द सुटला की मशीन पुन्हा खडखडायचं. खरं सांगू? दादांना एक अक्षर वाचता येत नव्हतं. नुसते कान देऊन बसायचे. पण पोरगी वर्गात घडाघडा वाचायची. बाईंनी शाबासकी दिली की घरी येऊन माझ्यावरच नाचायची. हाडं खिळखिळी झाली माझी, पण बरं वाटायचं.

मग एकदा तिची आत्या आली. "अरे दादा, तू अंगठाछाप, तिला काय शिकवणार? त्यात ही खडखड! पोरीला वेगळी खोली दे."

दादांना ते लागलं. त्यांनी आतली खोली रिकामी केली, नवं टेबल मांडलं. "आता तुला कुणाचा त्रास नाही," म्हणाले आणि दार ओढून घेतलं. माझ्या डोक्यावर कपड्यांचं गाठोडं आलं.

पुढच्या वर्गाचे धडे कठीण. आतून वाचल्याचा आवाज येईना. दादा मशीन थांबवून कानोसा घ्यायचे, पण दार वाजवायचे नाहीत. "आपल्याला काय कळतं त्यातलं," असं पुटपुटून पुन्हा शिवायला लागायचे.

वर्षअखेरीस चिमणी नापास झाली. शाळेत जायलाच तयार होईना.

"मी अडकले की सगळे हसतात. तुम्ही तर ऐकायचंच सोडलंत, बाबा."

एवढंच बोलली आणि दार लावून घेतलं. दादांच्या हातातला कपडा तसाच राहिला.

त्याच दिवशी त्यांनी गाठोडं खाली उतरवलं, मला पुसलं, आखूड पायाखाली नवी घडी सारली. ती अजून खोलीतून येऊन माझ्यावर बसलेली नाही. दादा मशीन चालवतात आणि मधेच, उगाच, पाय थांबवतात.

मित्रांनो, घरी जाऊन आईबाबांना एवढं सांगा: काही येत नसलं तरी चालेल, नुसतं शेजारी बसा. आणि कधी चिमणी भेटली तर म्हणावं, स्टूल आता डुगडुगत नाही. ये.