खरखर कुणाची

"बंद केलं, ताई! मेन स्विचच ओढला. आता काय जीव घेता?" वेल्डर दुकानाच्या दारातून ओरडला.

माझ्या हातातला सेट तरीही खरखरतच होता. अग्निशमन दलाच्या वायरलेसवर तीन आठवडे हीच खरखर. आग कुठे लागली तेच जवानांना धड ऐकू येईना. अशी खरखर कुठून येते ते शोधणं हे आमच्या वायरलेस तपासणी खात्याचं काम. पण आमच्या साहेबांनी खुर्चीत बसल्या बसल्या गुन्हेगार ठरवला: हा वेल्डर. दुकानाला सील ठोकायचा रिपोर्टही टाईप करून माझ्या हातात कोंबला होता. फक्त सही राहिली होती.

"तुझं नाही हे," मी म्हटलं.

"मग कुणाचं?"

"बघूच की."

डाव्या खांद्यावर पट्ट्याने अडकवलेला सेट पोटाशी धरून मी भर रस्त्यात स्वतःभोवती फिरायला लागले. आमची ही जुनी पद्धत. अंग मध्ये आलं की खरखर दबते. म्हणजे पाठ ज्या दिशेला, तिकडे चोर. लोक फिदीफिदी हसत होते. हसा मेल्यांनो! एकतीस वर्षं अशीच गरगरतेय मी. दर पन्नास पावलांवर एक गिरकी, असं करत चौकात पोचले. तिथे चार मजली इमारतीवर जाहिरातींचा भलामोठा विजेचा फलक झगमगत होता. त्याच्याखाली सेट नुसता किंचाळला.

रखवालदाराला म्हटलं, "दोन मिनिटं बंद कर." त्याने बिचाऱ्याने केला. सेट गप्प. चालू केला, पुन्हा बोंब. तीनदा करून पाहिलं आणि साहेबांना फोन लावला.

"मॅडम, तो बोर्ड कुणाचा आहे माहितेय ना?" साहेबांचा आवाज खाली आला. "वेल्डरवर सही करा आणि मोकळ्या व्हा. निवृत्तीला आठ महिने राहिलेत तुमच्या, कशाला नसती उठाठेव?"

माझं डोकंच फिरलं. "उद्या कुणाचं घर जळालं तर तुम्ही जाणार का पाणी घेऊन?"

"सेट उद्या जमा करा. यापुढे टेबलावर बसायचं."

"करते जमा. पण सही मी जे ऐकलं त्याच्यावरच होईल."

टाईप केलेला कागद उभा फाडला. वेल्डरच्या दुकानात, त्याच्याच स्टुलावर बसून नवा रिपोर्ट लिहिला: फलकाचा पत्ता, वेळा, तिन्ही चाचण्या. एक प्रत अग्निशमन दलाच्या केंद्रात स्वतः नेऊन देणार होते, पोच घेऊन. आता दाबा म्हणावं!

"ताई, दुकान उघडं ठेवू ना?"

"ठेव की! कुणाच्या बापाची भीती आहे?"

सकाळी सेट जमा केला. कारकुनाने त्यावर चिठ्ठी डकवून तो कपाटात टाकला. जिना उतरताना लक्षात आलं, पट्टा घसरू नये म्हणून माझा डावा खांदा अजून वर उचललेलाच होता.