पात्यावरचं कुंकू

सुतारानं यंत्राला भिऊ नये, असं माझा थोरला भाऊ सूर्यभान म्हणायचा. म्हणायला त्याचं काय गेलं! नागपूरच्या लिलावातून ते जुनं यंत्र त्यानंच अकोल्याला आणलं, जठारपेठेतल्या आमच्या दुकानात बसवलं, आणि पावसाळ्यात तापाचं निमित्त होऊन तो गेला. मागे राहिलो मी, माझी बायको शकुन, त्याची बायको माणिकबाई, म्हणजे माझी वहिनी, आणि ते यंत्र.

यंत्र म्हणजे एक मेज, खाली मोटर, आणि मेजाच्या भोकातून वर आलेली चक. चकीत पात्याचा दांडा आवळायचा, बटन दाबायचं आणि फिरत्या पात्याला फळीची कड लावून सरकवायची, की कडेवर नक्षी उतरते. सोबत पात्यांचा अख्खा डबा आला होता आणि त्यानं माझं डोकं पिकवलं. गोल कड हवी म्हणून गोल पातं लावलं, तर कडेला पन्हळ पडली. पन्हळ हवी म्हणून खोलगट लावलं, तर कड गोल झाली. पातं दिसतं त्याच्या उलटं लाकडावर उमटतं, हे कळेपर्यंत ढीगभर बाभूळ चुलीत गेली. कळलं तेव्हा वाटलं, चला, गंगेत घोडं न्हालं.

कुठलं काय! दसरा झाला आणि यंत्र बिथरलं. तेच पातं, तेच सागवान, पण नक्षी सुरुवातीला उथळ आणि शेवटी खोल. फळी उलटी केली, तरी तेच. चक जोर लावून आवळली, तरी तेच. मी विजेला शिव्या दिल्या, सागवानाला दिल्या, कोणीच उरलं नाही तेव्हा शकुनला दिल्या.

तिसऱ्या फळीला पातं किंचाळलं आणि चकीतून सुटलं. माझ्या कानाजवळून सूंऽऽ करत गेलं आणि दाराच्या चौकटीत रुतलं. बोटभर इकडे असतं तर माझं डोकंच फुटलं असतं. मी आधी मोटर बंद केली.

चौकटीतून पातं उपटलं. दांडा तेलानं बुळबुळीत आणि लालभडक. चकीत बोट घातलं, तर आतही तेल आणि कुंकू! दसऱ्याला शकुननं हत्यारं पुजली होती आणि नव्यानं आलेल्या यंत्रावर काकणभर जास्तच माया केली होती. चकीची पकड सुटून पातं वर सरकत होतं ते यामुळे. मी रॉकेलचा फडका घेतला.

"हात नोका लावू!" घराच्या आतल्या दारातून शकुन ओरडली. "पुजेचं कुंकू हाय. पुसत नसते ते. तुमच्या जिवासाठीच तं भरलं मी!"

"अन् त्याच्यानंच माहा जीव जात होता, त्याचं काय?"

"कुंकू पुसाले सांगता मले?" ती रडायलाच लागली.

मी फडका धरून नुसता उभा राहिलो. पुसलं नाही तर पातं मारणार, पुसलं तर हिच्या मते नशीब मारणार. खरं सांगतो, मीही भ्यालो होतो.

आवाज ऐकून वहिनी आतून आल्या. दसऱ्याच्या पूजेला त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, मीही नाही. त्यांनी माझ्या हातातला फडका घेतला.

"आना, मी पुसतो," त्या म्हणाल्या. "माह्यं तं पुसून झालं. आता माह्या पुसण्यानं कोनाचं काय जाते?"

भाजीत मीठ कमी आहे, इतक्या साधेपणानं त्या बोलल्या. मला तोंड वर करवेना.

फडका चकीला लागणार, तोच शकुन पुढे झाली आणि तिनं तो हिसकून घेतला. "तुमी नोका, बाई." ती खाली बसली. आधी दांडा पुसला, मग फडका बोटाला गुंडाळून चक आतून पुसली, तिची आसवं मेजावर पडत होती. फडक्याला लाल लागेनासं झालं तेव्हाच ती थांबली.

मी दांडा चकीत खोल बसवला, आवळला, ओढून पाहिला. हलला नाही.

शकुन वहिनींकडे न बघता म्हणाली, "पुढच्या दसऱ्याले हत्यारं तुमीच पुजा, बाई. मले तेलाचा अंदाज येत नाही."

भाऊ गेला त्या दिवशीही ज्या रडल्या नव्हत्या, त्या वहिनी यंत्राला धरून मोठ्यानं रडल्या.