नऊ नंबरची चिठ्ठी

कारखान्यातल्या बायका मला ‘रेडिओ’ म्हणायच्या. कारखाना म्हणजे पत्र्याखालची एक लांबलचक खोली, शिलाईच्या मशिनी आणि कोपऱ्यात कापसाचा डोंगर. तिथे कापडी हत्ती बनायचे आणि समुद्रापलीकडच्या मुलांच्या कुशीत जाऊन झोपायचे. माझी आत्या पॅकिंगला होती. शाळा सुटली की मी तिच्याकडे जायचे आणि माझ्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. त्या वर्षी मी शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले होते, तेही इंग्रजीतून. त्यामुळे जगात आपल्याला जमणार नाही असं काही शिल्लकच नाही, अशी माझी खात्री होती.

मग साथ आली. आधी ती बातम्यांत होती, मग हत्तींच्या डोळ्यांत शिरली. खरंच सांगते. डोळ्यांची काळी बटणं ज्या देशातून यायची तिथली बंदरं बंद झाली आणि ढीगभर आंधळे हत्ती टेबलावर पडून राहिले. शेवटी मुकादम मावशींनी डोकं चालवलं. डोळे काळ्या दोऱ्याने भरायचे! बायकांनी बोटांची चाळण करून घेतली, पण सगळ्या हत्तींना दृष्टी दिली. तोवर बाकीच्या ऑर्डरी एकेक करून रद्द झाल्या होत्या. ही एकच उरली होती. हा माल पोचला तर कारखाना चालेल, नाही तर कुलूप, हे प्रत्येकीला ठाऊक होतं. खरेदीदाराची अट होती की आजारी माणसाचा हात मालाला लागता कामा नये.

आणि नेमका शेवटच्या आठवड्यात आत्याला ताप आला. ती आमच्या समोरच्या घरात एकटी राहते. तिने नियमाप्रमाणे दार लावून घेतलं. डॉक्टरांनी तपासलं, साधा ताप निघाला. पण चार दिवस घरीच थांबा म्हणाले आणि तसा कागदही दिला. पॅकिंगला दुसरी बाई मिळेना. मला मात्र शाळा बंद असल्यामुळे वेळच वेळ होता.

“हिला बसवते,” मुकादम मावशी म्हणाल्या. शाळकरी मुलगी कामावर बसलेलीही खरेदीदाराला चालत नाही, म्हणून त्यांनी मला आत्याचा एप्रन चढवला आणि मास्क डोळ्यांपर्यंत ओढला. “आता तू नऊ नंबर. बाकीच्या बायकांनाही पत्ता लागता कामा नये. रेडिओ बंद ठेवायचा, कळलं?”

नऊ हा आत्याचा नंबर. प्रत्येक खोक्यात पॅक करणारीच्या नंबराची चिठ्ठी टाकतात, तक्रार आली तर माणूस सापडावं म्हणून.

चार दिवस मी तोंड बंद ठेवलं. शेवटच्या खोक्याशी मात्र राहवेना. पलीकडे कुणीतरी हे खोकं उघडणार, आणि आपण कोण हे त्याला कळणारसुद्धा नाही? मी चिठ्ठी उलटी केली आणि माझ्या झोकदार इंग्रजीत लिहिलं, ‘नऊ नंबरला ताप आहे, तरी तुमचे हत्ती वेळेवर निघाले! आम्ही थांबत नाही!’ अक्षरांवरच्या टिंबांच्या जागी छोटे गोल काढले. ती माझी स्टाइल होती. स्पर्धेत टाळ्या पडल्या होत्या ना, तशा मला तिथूनही हव्या होत्या.

दीड महिन्याने ईमेलवर खरेदीदाराचं पत्र आलं, मालकांनी ते छापून आणलं. इंग्रजी पत्रं बघणारा कारकून त्याच्या गावी अडकला होता. मालकांनी मोबाइलकडून भाषांतर करून घेतलं तर ‘हत्तीस ताप आला आहे’ असं काहीतरी निघालं. सगळ्या बायका हसल्या. “रेडिओला बोलवा, आमची पोरगी घडाघडा वाचेल!”

मी ऐटीत स्टुलावर चढले. खाली आत्या उभी होती, मान ताठ करून. दोन ओळी वाचल्या, सांगितल्या. तिसऱ्या ओळीत माझं वाक्य आलं. खाली चिठ्ठीचा फोटो छापलेला, माझ्या गोलांसकट.

“काय गं, अडली का गाडी?” कुणीतरी म्हणालं.

“ते म्हणतात...” मी कागद तोंडासमोर धरला. “नऊ नंबरच्या बाईला ताप होता. तशी चिठ्ठी सापडली. माल घेणार नाहीत.”

पुढे आणखी पाच ओळी होत्या. त्या मी मनातच वाचल्या, मोठ्याने नाही; वाचल्या असत्या तर नऊ नंबरवर कोण बसलं होतं ते उघड झालं असतं. कागदाची घडी घातली आणि स्टुलावरून उतरले.

“मी तर घरी होते!” आत्या म्हणाली. “मावशी, सांगा ना!”

मुकादम मावशी कापसाकडे बघत राहिल्या. पाच नंबरच्या मशिनवरची बाई एकदम ओरडली, “तापात येऊन बसलीस आणि वर चिठ्ठ्या पाठवतेस? आमच्या पोटावर पाय दिलास!”

आत्याने माझ्या हातून कागद घेतला. तिला इंग्रजी येत नाही, पण माझ्या वह्यांना कव्हरं तीच घालते. तिने फोटो पाहिला. ते गोल पाहिले. मग माझ्याकडे एकदाच पाहिलं.

“हो,” ती म्हणाली. “चूक झाली माझी.”

मी उभी होते तिथेच. वक्तृत्वात पहिली आलेली मी.

त्यानंतर गल्लीने आत्याला वाळीत टाकल्यासारखंच केलं. दुकानदार तिचं सामान पायरीवर ठेवून आत पळायचा. नळावर ती आली की बाकीच्या बादल्या मागे सरकायच्या. ती मला एका शब्दाने बोलली नाही. मी रोज ठरवायचे, आज सांगू. आणि रोज पुस्तकात तोंड खुपसून बसायचे.

नवव्या दिवशी सकाळी तिच्याकडे गेले तर ती डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली एक कागद घडी करून सारत होती. डॉक्टरांचा कागद.

“आत्या, तो नको!”

“का? आता काय कामाचा तो?”

मी खालीच बसले आणि रडत रडत न वाचलेल्या पाच ओळी सांगितल्या. नऊ नंबरची बाई त्या दिवसांत कामावर नव्हती असा डॉक्टरांचा कागद असेल तर सात दिवसांत पाठवा, आम्ही माल सोडवून घेऊ, असं त्यांनी लिहिलं होतं.

आत्याने टेबलाचा पाय धरला.

“म्हणजे मी तुला वाचवायला गप्प बसले,” ती हळूच म्हणाली, “आणि तू सगळ्यांना बुडवलंस.”

मग तिने कागद ओढून काढला, हाताने सरळ केला. “तोंड धू. चल.”

कारखान्यात बायका आपापल्या कात्र्या, डबे न्यायला आल्या होत्या. मशिनींवर चादरी पडत होत्या. मालक किल्ली घेऊन दारातच उभे. मी पत्र मागितलं आणि या वेळी स्टुलावर न चढता पहिल्यापासून वाचलं, माझ्या वाक्यासकट, त्या पाच ओळींसकट. चिठ्ठी मी लिहिली हेही सांगितलं. मालकांनी पत्रावरची तारीख पाहिली, मग भिंतीवरचं कॅलेंडर.

“दोन दिवस,” ते म्हणाले. “दोनच दिवस उशीर.”

“मीच बसवलं होतं तिला,” मुकादम मावशी अखेर बोलल्या. कुणी मला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

मालकांनी कोरा कागद पुढे केला. “तरी लिही. घेतील न घेतील. पण नऊ नंबरची चूक नव्हती, एवढं तरी जाऊ दे तिकडे. आणि तिच्या जागी कोण होतं, तेही लिही.”

पाच नंबरवाली बाकावर थोडी सरकली आणि आत्याला म्हणाली, “ये, बस गं.” आत्या बसली. माझ्यासाठी कुणी सरकलं नाही. मी मशिनवरची चादर थोडी बाजूला केली आणि उभ्यानेच लिहायला लागले. टिंबांच्या जागी साधी टिंबं देत.