मोरूचा वाटा

काशीनं डाळीच्या टोपातून दोन डाव काढून मोरूच्या वाटीत ओतले आणि वर बशी झाकली. हळदीशिवाय डाळीत अजून काही पडलं नव्हतं.

"झाला त्याचा वाटा?" रंगूबाईनं विचारलं. "सर मग."

काशी चुलीपुढून उठली. फोडणी आणि मीठ सासूच्या हातचं. लग्नाला तीन वर्षं झाली तरी त्यात बदल नव्हता. चुलीवरचं चाखलं की ते उष्टं होतं, म्हणून या घरात कुणी चाखत नसे. रंगूबाई मडक्यातून मूठभर खडं मीठ घेई, आणि ते कमी की जास्त हे पहिल्या घासाला कळे.

मोरू नऊ महिन्यांचा होता. गेल्या महिन्यात त्याचं वजन शंभर ग्रॅमसुद्धा वाढलं नव्हतं. बुधवारी अंजूरला येणाऱ्या नर्सबाईनं आकडा कार्डावर लिहिला आणि सांगितलं, वेगळं शिजवू नका. घरातलंच द्या, पण मीठ-मसाला पडण्याआधी काढून. तेव्हापासून तोही सगळ्यांच्या पंगतीत होता.

फोडणी देऊन रंगूबाईनं मीठ टाकलं आणि ती कोंबड्या कोंडायला गेली. परत आली, टोपात पाहिलं, आणि पुन्हा मडक्यात हात घातला. काशी मोरूला भरवत होती. भरवता भरवता तिनं ते पाहिलं.

परवाच काशीचा नवरा रघू भिवंडीहून लूमची ड्युटी करून आला होता आणि पहिल्या घासालाच त्यानं ताट सरकवलं होतं.

"आये, आज खाडी वतलीस काय डाळीत?"

"एक दिस झाला खारट."

"तिसरा दिस हाय. आता पुन्यांदा झाला तं चूल काशीची. तू बस नातवाला घेऊन."

हे म्हणताना तो हसला होता. रंगूबाईनं ते ताट स्वतःपुढे ओढलं आणि पाणी न पिता संपवलं. चाळीस वर्षं ती त्या चुलीपुढे बसत होती.

आता काशीनं मोरूच्या वाटीत उरलेली उष्टी डाळच गुपचूप टोपात ओतली. त्यानं फारसा फरक पडला नाही. रघू दोन तांबे पाणी प्यायला, पण जेवला.

दुसऱ्या दिवसापासून काशी दुप्पट डाळ शिजत घालू लागली आणि अर्धी मोरूसाठी म्हणून दुसऱ्या टोपात काढू लागली. सासूनं दोनदा मीठ टाकलं की तो टोप डाळीत रिता व्हायचा, आणि चव जागेवर यायची. एकदाच टाकलं, तर तीच डाळ सकाळी भाकरीबरोबर संपायची.

"नव महिन्यांचा पोर," रंगूबाई एकदा म्हणाली, "आन् खातो हमालावानी!"

"वाढीचा हाय, आई."

"आमचीबी वाढलीच की. येवरा कुनी खाल्ला न्हाय."

काशी भांडी घासायला बाहेर गेली.

पुढच्या वजनाच्या दिवशी मोरूला काट्यात रंगूबाईनं ठेवलं. तीनशे ग्रॅम वाढलं होतं. नर्सबाईनं कार्डावरून बोट फिरवत विचारलं, "काय देता?"

"आमच्यातलाच," रंगूबाई म्हणाली. "वाटा जरा मोठा हाय त्याचा."

काशी कार्डाकडे पाहत राहिली.

संध्याकाळी काशी विहिरीवरून परतली तेव्हा डाळ शिजली होती. चुलीपासून हातभर अंतरावर घरातला सगळ्यात मोठा टोप झाकून ठेवला होता.

"मोरूचा काढून ठेवलाय," रंगूबाई पाठ न वळवता म्हणाली.

काशीनं झाकण उचललं. टोप अर्ध्याच्या वर भरलेला होता. तिनं झाकण पुन्हा ठेवलं.

रंगूबाईनं फोडणी दिली, मीठ टाकलं. बाहेर जाऊन तिनं कोंबड्या कोंडल्या, खुराड्याचं दार लावलं. परत आली, टोपात पाहिलं, मडक्यात हात घातला. डाळीवर मूठ उघडली. मग तळव्याला चिकटलेल्या खड्यांकडे ती थोडा वेळ पाहत राहिली आणि हात पदराला पुसला.

"कोंबड्या कोंडून येते," ती म्हणाली आणि उठली.

काशीनं मोठा टोप दोन्ही हातांनी उचलला. दारातून रंगूबाईची पाठ दिसत होती. लावलेल्या खुराड्यापुढे ती उभी होती.