जहाजाची माफी

धानोऱ्याकडच्या आपल्या गावात जंगूनं जहाजाची माफी मागायचा घाट घातला आणि ब्रह्मपुरीच्या हेमराजला मुद्दाम बोलावणं धाडलं. दोघं गुजरातच्या किनाऱ्यावर जुनी जहाजं तोडायच्या कामाला होते. हेमराज मुकादम, जंगू गॅस कटर चालवणारा. तिथंच एका जहाजाच्या टाकीत भडका उडाला आणि जंगूचा उजवा हात कोपरापासून गेला.

हेमराजचा पाय निघत नव्हता. पण न जावं, तर चोराच्या मनात चांदणं. गेला बापडा.

मोहाच्या झाडाखाली माणसं जमली होती. जंगू त्यांना सांगत होता, "ते जहाज इंग्रजाच्या आरमाराचं. पण तोफा डागणारं नाई. तिथल्या इंजिनिअरनं सांगतलं मले, लढाईच्या जहाजायले ते भर समुद्रात तेल दे, पाणी दे, पीठ-बटाटे दे. वादळात बुडालेल्या गावायले अन्न नेलं त्यानं. तीस वर्षं दुसऱ्यायचं पोट भरलं, म्हातारं झालं तं विकून टाकलं. अन् आमी न विचारता कापलं! साधं झाड तोडतो, तं आधी त्याची माफी मांगतो आपण. कोप झाला त्याचा मायावर."

कोप कसला डोंबलाचा! तेलाची टाकी कापण्याआधी आत गॅस उरलाय का, ते मीटर लावून बघायचं असतं. त्या सकाळी मीटर बिघडलं होतं, मालकाची घाई होती, आणि हेमराजनंच न तपासता "पाह्यलं मी, चालू कर" म्हणून सांगून टाकलं होतं. ही गोष्ट त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती. इथं बिचारा जंगू स्वतःलाच दोष देत बसला होता. हेमराजला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जंगूची बायको बुधरी हिनं मोहाच्या दारूचा द्रोण हेमराजच्या हाती दिला. "तुमी बी कापलं ना, भाऊ? भुईवर वाहा अन् मांगा माफी."

हेमराजनं जंगूच्या रिकाम्या बाहीकडे बघत दारू जमिनीवर सांडली. "चुकलो," म्हणत त्यानं डोळे पुसले.

जंगूनं डाव्या हातानं त्याची पाठ थोपटली. "रडता काऊन, भाऊ? मिटला आता त्याचा राग." मग त्यानं आपल्या धाकट्या भावाला पुढं केलं. "हा प्रफुल्ल. घरी कमावणारं कोणी उरलं नाई. माया जागी याले घेऊन जा. आता काई भेव नाई."

प्रफुल्ल पाया पडायला वाकला. बोलायचं तर आत्ताच बोलायला हवं होतं. सगळे हेमराजच्या तोंडाकडे बघत होते, आणि जंगू तर चक्क हसत होता.

"नेतो," हेमराज म्हणाला.