रुबिएलचं रक्त

"ताई, आधी तू हात पुढे कर. तुला काही झालं नाही, तर मग मी," रुबिएल म्हणाला.

ओतिलियानं बाही वर सरकवली. तिच्या या धाकट्या भावाला वीस वर्षं स्किझोफ्रेनिया होता आणि लोक आपलं रक्त चोरून विकतात, असा त्याचा जुना संशय होता. मेदेयीन शहरातल्या त्या इस्पितळात डॉक्टर मारियेलांना आजारी माणूस आणि त्याचं निरोगी भावंड, अशा जोड्यांचं रक्त तपासायचं होतं.

"लोखंड गंजतं ना, तशी झीज शरीरातही होत असते," त्यांनी समजावलं. "या आजारात ती जास्त होते का, त्याच्या खुणा रक्तात शोधतोय."

"म्हणजे मी गंजलोय!" रुबिएल खो खो हसला. "हिचं बघा आधी. माझ्याहून सात वर्षांनी जुनी आहे."

ओतिलियालाही हसू फुटलं. कित्येक महिन्यांत त्यानं थट्टा केली नव्हती. दोघं उपाशीपोटी आली होती. दोघांनीही रक्त दिलं. बाहेर पडल्यावर गाडीवर चीज घातलेल्या आरेपा, म्हणजे मक्याच्या गरम भाकऱ्या, खाल्ल्या. सहा महिन्यांनी पुन्हा यायचं होतं.

चौथ्या महिन्यात रुबिएल न्हाणीघरात कोसळला. हृदय बंद पडलं. एक्केचाळिसाव्या वर्षी.

ठरल्या तारखेला ओतिलिया एकटीच आली, उपाशीपोटी.

"भाऊ मागून येतोय का?" मारियेलांनी विचारलं.

तिनं सांगितलं. मारियेलांनी तिच्यासाठी खुर्ची ओढली.

"माझं तरी घ्या," ओतिलिया म्हणाली.

"जोडीतल्या एकाचंच रक्त या फेरीत धरता येत नाही हो, बाई."

"आणि त्याचं आधीचं? त्यात दिसलं होतं का काही? आधी कळलं असतं तर..."

"एकट्या माणसाचं त्यावरून काही सांगता येत नाही. शेकडो जणांचं एकत्र मांडलं, तर कुठे थोडं समजतं. तुम्हाला खोटं कसं सांगू?"

ओतिलिया पर्सचा पट्टा पिळत राहिली.

"दिवसदिवस पडून असायचा. मी आळशी म्हणायचे त्याला. त्या दिवशीही ओरडूनच आंघोळीला धाडलं. शेवटचं तेच बोलले मी त्याच्याशी."

मारियेलांनी तिचा हात हातात घेतला.

"त्याचं रक्त फेकू नका."

"नाही फेकणार. कामी येईल ते."

ओतिलियानं मान हलवली. शिवणकामाच्या कारखान्यात दुपारची पाळी होती, पण ती गेली नाही. इस्पितळाच्या पायरीवर बसून ती पोटभर रडली.