पाचवा पाय

जेवणाच्या टेबलाखाली उताणा पडून मी प्लायवूडचा सहावा स्क्रू पिळत होतो, तेवढ्यात बायकोची पावलं दिसली.

"टेबलाला खालून प्लाय? कशाला?"

"वाळवी लागलीय."

"वाळवी? बरं बरं. खाई त्याला खवखवे!"

गेली चाळीस वर्षं मी जुनं फर्निचर दुरुस्त करतोय. वाळवी लागलेलं लाकूड कसं दिसतं ते आता तिलाही कळतं.

भानगड अशी होती, की आठ दिवस आमच्या गल्लीत एक परदेशी बाई सिनेमा काढत हिंडत होती. सोबत कॅमेरा घेतलेला एक दाढीवाला. बाई ज्यू. तिची आजी लहानपणी याच गल्लीत राहायची. महायुद्धाच्या तोंडावर, ती सहा वर्षांची असताना, बापाने तिला एकटीलाच आगगाडीत बसवून परदेशी धाडलं, आणि महिन्याभरात शिपायांनी गल्लीतली सगळी ज्यू घरं रिकामी केली. आजीला घराचा नंबर आठवत नाही, दार आठवत नाही. आठवतो कोपऱ्यावरचा घड्याळाचा मनोरा आणि घरातल्या टेबलाची खालची बाजू. तिथे तिने निळ्या पेन्सिलीने घोडा काढला होता. पाच पायांचा. म्हणून ही बया दारोदार जाऊन लोकांच्या टेबलाखाली शिरायची आणि दाढीवाला तिचं शूटिंग करायचा! गल्ली हसून हसून बेजार झाली होती.

मी हसलो नाही.

"कुठेतरी पाणी मुरतंय," शेजारचा शिंपी म्हणाला. "आज टेबलाखाली शिरतात, उद्या वकील घेऊन घरात शिरतील. लिहून ठेव."

मी मान डोलावली. पण माझी भीती वेगळी होती.

माझे बाबाही सुतार. तोंडात शिवी, हातात पट्टी. कौतुकाचा शब्द म्हणाल तर औषधालासुद्धा नाही. पाच वर्षांचा असताना एकदा मार चुकवायला मी या टेबलाखाली शिरलो आणि वर बघितलं, तर निळा घोडा! रडायचं विसरून विचारलं, "बाबा, हा कुणी काढला?" बाबा वाकले. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मी काढला. तुझ्यासाठी. टेबल केलं तेव्हाच." त्या दिवशी मार पडला नाही. बापाने आयुष्यात मला प्रेमाने दिलेली वस्तू ती एवढीच.

पुढे मी धंदा शिकलो. बाबा सांध्यात बिनदिक्कत खिळे ठोकायचे, आणि या टेबलात एकही खिळा नाही. हे काम त्यांच्या हातचं नाही हे मला विसाव्या वर्षीच कळलं होतं. पण कळणं वेगळं आणि कबूल करणं वेगळं.

दुपारी बाई आलीच. आमची भाषा ती आजीकडून शिकलेली, म्हणजे सहा वर्षांच्या पोरीची भाषा. मला पहिल्या वाक्यापासून अरे-तुरे.

"तुझ्या टेबलाखाली जाऊ? मी काही मोडणार नाही हं."

"जा की. वाळवी होती, प्लाय मारलाय."

दाढीवाल्याने कॅमेरा माझ्या तोंडासमोर धरला. "टेबल तिकडे आहे," मी त्याला सांगितलं.

तिने खाली टॉर्च फिरवला. स्क्रूंवरून बोट फिरवलं. सगळे नवे, चकचकीत! इतकी वर्षं धंदा करून जुने स्क्रू लावायची अक्कल सुचू नये? ती बाहेर आली आणि माझ्याकडे बघत राहिली. हिला कळलंय, आता शिंप्याचा तो वकील येणार, असं वाटलं.

"मी उद्या जाणार," ती एवढंच म्हणाली. "आजी खूप म्हातारी झाली रे. सारखी घोड्याचं विचारते."

गप्प बसायचं ठरवलं होतं, तरी तोंडातून निघून गेलं, "पाच पाय कशाला? मोजता येत नव्हतं का तुझ्या आजीला?"

"येत होतं! तिने चारच काढले. जायच्या दिवशी तिचा बाबा टेबलाखाली आला आणि पाचवा त्याने काढला. म्हणाला, आता हा तुझ्या आगगाडीच्याही पुढे पळेल. मग तिला गाडीत बसवलं. परत तो भेटलाच नाही."

म्हणजे घोड्याला एका बापाचा हात लागलेलाच होता. फक्त तो बाप माझा नव्हता. मला बाबांचा भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त रडू आलं. पाठ फिरवून मी स्क्रूड्रायव्हर शोधायला लागलो. तो माझ्या खिशातच होता.

"त्याला कॅमेरा बंद करायला सांग," मी म्हटलं आणि खाली शिरलो.

आठ स्क्रू निघाले. प्लाय खाली घेतला. ती शेजारी येऊन आडवी झाली. मग तिने आजीला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन घोड्याकडे धरला. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता.

मग पिकलेला, कापरा आवाज आला. "तिथे आणखी कोण आहे?"

"सुतार आहे, आजी," मीच बोललो. "टेबल तुमचं आहे. घर रिकामं झाल्यावर आमच्या बाबांनी उचलून आणलं. मला माहीत होतं."

बायको दारात उभी होती. ती आत आली आणि जमिनीवरचे स्क्रू गोळा करू लागली.

मग म्हातारीने विचारलं, "तू पण खाली लपायचास?"

"लपायचो. मार चुकवायला."

"मग थोडं सरक ना. माझ्या नातीचं डोकं आपटेल."

मी सरकलो.